मंदीतली नाचगाणी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. सकाळी साडेनऊला मीटिंगचं आमंत्रण आलं, दहाला मीटिंग सुरू झाली आणि दहा वाजून बारा मिनिटांनी लॅपटॉप आपोआप लॉक झाला. आमच्या टीममधल्या ११ जणांपैकी ७ जणांना तेच आमंत्रण आलं होतं, त्यामुळे राग तरी कोणावर काढणार? महिनाअखेर बंगळुरूची खोली सोडली आणि सामान घेऊन इंदूरला घरी आलो.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून आई माझ्याशी दबक्या आवाजात बोलायला लागली, जणू घरात कोणी आजारी आहे. तेव्हा शेजारचे काका मदतीला आले. काका बँकेतून निवृत्त झालेले आणि जुन्या इंग्रजी सिनेमांचे भक्त. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"यात तीन सिनेमे आहेत. तिन्ही बेकारांचे आहेत, पण रडका एकही नाही. आईला बरोबर घेऊन बघ."

तिन्ही १९३३ सालचे, तिन्ही वॉर्नर ब्रदर्सचे: ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’, ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ आणि ‘फूटलाइट परेड’. तिन्हींत गोष्ट एकच आहे. काही माणसं मिळून एक संगीत नाटक उभं करतात. पैसे नाहीत, वेळ नाही, कोणाचं तरी कोणाशी भांडण आहे. तरी शेवटी पडदा उघडतो आणि पडद्यावर नाचगाण्यांचा पाऊस पडतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली ही नाचगाणी इंदूरच्या एका बेकार इंजिनिअरला का आवडावीत, हे त्या वेळी मलाही कळलं नव्हतं. नंतर थोडं थोडं कळलं, ते इथे लिहितो आहे.

आधी काळ सांगायला हवा. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ उजाडेपर्यंत अमेरिकेत काम करणाऱ्या दर चार माणसांमागे साधारण एक बेकार होता. हजारो बँका बुडाल्या होत्या. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांनी त्यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवसांसाठी बंद ठेवल्या. नेमक्या याच आठवड्यात ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’ न्यूयॉर्कला झळकला. वॉर्नरवाल्यांनी तर सिनेमाच्या जाहिरातीसाठी नटनट्यांनी भरलेली एक खास रेल्वेगाडी देशभर फिरवली आणि ती रूझवेल्टांच्या शपथविधीला वॉशिंग्टनमध्ये पोचेल असं वेळापत्रक आखलं. लोकांच्या खिशात पैसे नाहीत, बँकेला कुलूप आहे, आणि स्टेशनात नाचणाऱ्या मुलींची गाडी येते आहे! हे वाचून आई म्हणाली, "धाडस आहे की निर्लज्जपणा, कोण जाणे."

हा सिनेमा सुरू होतो तो एका बातमीनं. अमुक दोन निर्माते नवा खेळ बसवताहेत, ही खबर टेलिफोनवरून, तोंडातोंडी साऱ्या न्यूयॉर्कभर पसरते. मी हे दृश्य दोनदा पाहिलं, कारण माझ्या मोबाइलवर त्या दिवसांत तेच चाललं होतं. ‘अमक्या कंपनीत भरती आहे म्हणे’ असा एक मेसेज सकाळपासून संध्याकाळपर्यंत सात ग्रुपांवरून फिरून परत माझ्याकडेच यायचा.

खेळाचा दिग्दर्शक ज्युलियन मार्श. भूमिका वॉर्नर बॅक्स्टरची. नाव मोठं, पण शेअर बाजारात सगळं गमावून बसलेला. डॉक्टर त्याला बजावतो की हे काम घेशील तर जिवावर बेतेल. तो म्हणतो, करावंच लागेल, पैसे नाहीत. खेळाला पैसा लावणारा एक म्हातारा लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्या बनवणारा कारखानदार आहे आणि त्याचं सारं लक्ष नायिकेकडे, डोरोथी ब्रॉककडे आहे. नायिकेचं मन जुन्या जोडीदारात. ही गोष्ट म्हाताऱ्याला कळली तर पैसा गेला आणि सगळ्यांची नोकरी गेली. म्हणजे एका बाईच्या प्रेमप्रकरणावर पन्नासएक घरांच्या चुली अवलंबून! सिनेमा ही गोष्ट हसत हसत सांगतो, पण विसरू देत नाही.

आणि मग शुभारंभाच्या आदल्या रात्री ब्रॉकचा घोटा मोडतो.

इथून पुढची गोष्ट जगाला पाठ आहे. कोरसमधली नवखी मुलगी पेगी सॉयर, म्हणजे रूबी कीलर, तिच्या जागी उभी राहते आणि एका रात्रीत तारका होते. हा प्रसंग इतक्या सिनेमांनी उचलला की आता तो ऐकूनच हसू येतं. पण मूळ सिनेमात एक छोटी गोष्ट आहे, ती पुढे नक्कल करणाऱ्यांनी बहुतेक गाळली. ब्रॉक पडल्यावर तो म्हातारा कारखानदार अ‍ॅनी नावाच्या दुसऱ्या एका मुलीला पुढे करतो. ही भूमिका जिंजर रॉजर्सची. अ‍ॅनी बेरकी आहे, अशी संधी जन्मात पुन्हा येणार नाही हे तिला माहीत आहे. आणि ती दिग्दर्शकाला सांगते की मला हे झेपणार नाही, पण त्या पेगीला झेपेल. शिवाय मोडक्या पायाची ब्रॉक कुबडीवर येते आणि पेगीला शुभेच्छा देऊन जाते.

आई इथे थांबली. तिनं तरुणपणी इथल्या हौशी नाटकांतून कामं केली आहेत, बहुतेक सखीची, दासीची. ती म्हणाली, "ती अ‍ॅनी खरी. नाटकात असं एक माणूस असतंच. त्याचं नाव कोणी घेत नाही."

रूबी कीलरबद्दलचं तिचं मत मात्र वेगळं होतं. "ही सारखी पायाकडे का बघते?" तिचं बरोबर आहे. कीलरचा नाच जड आहे, नजर पुष्कळदा खाली असते. पण मला वाटतं, त्यातच तिची जादू आहे. ती आकाशातून उतरलेली अप्सरा वाटत नाही. पाठ केलेलं चुकू नये म्हणून धडपडणारी मुलगी वाटते. नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळेच पायाकडे बघत चालतो.

आता नाचांकडे येतो. या तिन्ही सिनेमांतली नृत्यं बसवली बझबी बर्कली यांनी. जन्म १८९५चा. नृत्याचं रीतसर शिक्षण नाही. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्यात होते आणि तिथे शेकडो सैनिकांच्या कवायती बसवायचे. ब्रॉडवेवर नाव कमावून १९३०च्या सुमारास ते हॉलिवूडला आले. तेव्हा संगीतपटांचा पूर येऊन ओसरला होता. बोलपट आल्यावर सगळ्यांनी नाचगाणी काढली, त्यांतल्या ‘ब्रॉडवे मेलडी’ला तर ऑस्करही मिळालं, पण दोन वर्षांत लोक कंटाळले. कंटाळण्याचं एक कारण असं की कॅमेरा प्रेक्षागृहातल्या खुर्चीसारखा समोर बसलेला असायचा.

बर्कलींनी त्याला खुर्चीतून उठवलं. कॅमेरा उचलून थेट छताशी नेला आणि छत आडवं आलं तर स्टुडिओच्या छताला भोक पाडायला लावलं. वरून बघितलं की नाचणाऱ्या मुली दिसेनाशा होतात आणि फूल दिसतं. फूल उमलतं, मिटतं, त्याचं चाक होतं, चाकाचा तारा होतो. लहानपणी आपण बांगड्यांचे तुकडे घालून कॅलिडोस्कोप करायचो ना, अगदी तसं. ‘फूटलाइट परेड’मधल्या धबधब्याच्या गाण्यात शंभराच्या आसपास मुली पाण्यात हे सगळं करतात आणि ते दहा मिनिटांहून जास्त वेळ चालतं. कॉम्प्युटर नाही, काही नाही. एकीचा हात चुकला तर सगळं परत पहिल्यापासून.

इंजिनिअर म्हणून मी ते अचंबित होऊन बघत बसलो. प्रत्येक मुलीचं काम अगदी साधं आहे: हात वर, वळा, मागे झुका. पण शंभर जणींची वेळ जुळली की जे उभं राहतं ते कोणा एकीच्या आवाक्यातलं नसतं. आम्ही चांगल्या सॉफ्टवेअरबद्दल हेच म्हणतो. मजा म्हणजे हे नाच ‘नाटकाच्या स्टेजवर’ चालले आहेत असं सिनेमा सांगतो आणि जगातल्या कुठल्याही स्टेजवर ते मावणार नाहीत. प्रेक्षागृहात बसलेल्याला ते फूल दिसणारही नाही. तरी कोणी तक्रार करत नाही. पाऊण तास आपण तालमीतली दमछाक, उधारी, रुसवेफुगवे खरेखुरे पाहिलेले असतात. त्या कष्टांचं फळ म्हणून पडदा उघडल्यावर छत उडून गेलं तर आपण ते आनंदानं मान्य करतो. निव्वळ स्वप्न दाखवलं असतं तर १९३३च्या उपाशी प्रेक्षकाला ते खोटं वाटलं असतं. आधी फाटके मोजे दाखवले, म्हणून नंतरची झगमग पचली.

‘गोल्ड डिगर्स’मध्ये तर हा सांधा पहिल्या पाच मिनिटांतच दिसतो. सिनेमा उघडतो तो नाण्यांचे पोशाख घातलेल्या मुलींच्या गाण्यानं. आता आपल्याकडे पैसाच पैसा आहे, मंदी संपली, असं ते गाणं. जिंजर रॉजर्स त्यातलं एक कडवं अक्षरं उलटसुलट करून गाते, आपल्या ‘च’च्या भाषेसारखं. आणि गाणं रंगात आलेलं असताना जप्तीचे लोक शिरतात. निर्मात्यानं बिलं भरलेली नाहीत. मुलींच्या अंगावरचे पोशाखसुद्धा काढून नेले जातात. पुढच्या प्रसंगात त्यांतल्या तिघी एका खोलीत, भाडं थकलेलं, खिडकीतून चिमट्यानं शेजारची दुधाची बाटली पळवून नाश्ता करताहेत.

मधला सिनेमा विनोदी आहे, श्रीमंत मुलगा आणि गरीब नाचणाऱ्या मुली यांचा. पण शेवटचं गाणं आलं आणि आम्ही दोघं एकदम गप्प झालो. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘माझ्या विसरलेल्या माणसाची आठवण ठेवा’. रस्त्यावर पडलेल्या एका भणंग माणसाला पोलीस पकडायला येतो. जोन ब्लाँडेल पुढे होते आणि त्याच्या कोटाची कॉलर उलटून आत लावलेलं युद्धातलं पदक दाखवते. मग पडद्यावर फुलं झेलत युद्धाला निघालेले सैनिक, मग रक्तबंबाळ होऊन परतणारे, आणि मग तेच पुरुष फुकट सूपच्या रांगेत उभे. सिनेमा तिथेच संपतो. प्रेमी युगुलांचं पुढे काय झालं, हे सांगायला तो परतही येत नाही.

त्या वेळच्या प्रेक्षकाला याचा संदर्भ सांगावा लागला नसेल. १९३२च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक, कुणी बायकामुलांसह, वॉशिंग्टनला येऊन झोपड्या बांधून राहिले होते. सरकारनं त्यांना जो बोनस १९४५ साली द्यायचं कबूल केलं होतं तो आत्ता द्या, एवढीच मागणी. २८ जुलैला जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमतीखाली सैन्यानं त्यांना हुसकावलं आणि झोपड्या जळाल्या. वर्षभराच्या आत हॉलिवूडच्या एका नाचगाण्याच्या सिनेमानं ती माणसं पडद्यावर आणली. गंभीर सिनेमे ते करत असतीलही, पण इथे ते नाचणाऱ्या मुलींनी केलं.

आमच्या गल्लीत गिरणीतून सुटलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा माझे आजोबाही घरी बसले. रोज सकाळी ते भोंग्याच्या वेळेला उठायचे, भोंगा बंद होऊन वर्षं झाली तरी. त्यांच्यावर कोणी गाणं केलं नाही. हे गाणं बघताना आईनं डोळे पुसले ते कोणासाठी, मी विचारलं नाही.

तिसरा सिनेमा, ‘फूटलाइट परेड’, मला सगळ्यांत जवळचा वाटला. जेम्स कॅग्नी यात नाटकं बसवणारा चेस्टर केंट आहे आणि सुरुवातीलाच त्याला कळतं की आता त्याची गरज नाही, बोलपट आले. तंत्र बदललं आणि अनुभवी माणूस बेकार झाला. हा संवाद माझ्या परिचयाचा होता. मग केंट सिनेमागृहांत मुख्य सिनेमाआधी दाखवायचे छोटे नाच बसवायचा धंदा सुरू करतो. त्यात खर्च निघेना. एका दुकानात डोकेदुखीची गोळी घेताना त्याला कळतं की गोळी इथे स्वस्त का: या दुकानाच्या अनेक शाखा आहेत आणि माल एकगठ्ठा घेतला जातो. बस! एकदा नाच बसवायचा आणि तो देशभरच्या थिएटरांत फिरवायचा. मी उडालोच. एकदा लिहा, हजार ठिकाणी चालवा. आमचा सारा व्यवसाय याच गोळीवर चालतो. शेवटी तीन दिवसांत तीन नाच बसवायचे म्हणून सगळ्यांना आतच कोंडून घेतलं जातं, तिथेच झोपायचं, तिथेच खायचं. रिलीजच्या आधीचा आठवडा ज्यांनी काढला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

बोलपटांनी रंगभूमीवर आणलेलं हे संकट आपल्यालाही परकं नाही. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा, म्हणजे त्याच सुमाराचा. त्यानंतर आपल्या नाटक कंपन्यांची काय अवस्था झाली हे घरोघरी ऐकलेलं आहे. खुद्द बालगंधर्व १९३५ साली ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन पडद्यावर आले.

आता थोडं उलटं बोलतो, कारण काकांशी माझा वाद यावरच झाला. हे सिनेमे सांगतात की मेहनत करा, मिळून करा, फळ मिळेल. पण पेगीला संधी मिळते ती ब्रॉकचा पाय मोडतो म्हणून. एक तारका होते, बाकीच्या कोरसमध्येच राहतात. शिवाय सिनेमे बनवणाऱ्यांचं वागणं सिनेमासारखं नव्हतं. बँका बंद झाल्या त्याच मार्चमध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्म्यापर्यंत कापले. ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’चे निर्माते डॅरिल झॅनक यांनी त्याच वादातून एप्रिलमध्ये वॉर्नर सोडली. लेखकांची आणि नटांची संघटना उभी राहिली ती त्याच वर्षी. आणि विसरलेल्या माणसाचं ते गाणं खिडकीत बसून ज्या कृष्णवर्णीय गायिकेनं जीव ओतून गायलं, त्या एटा मोटेनचं नाव सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाही. १९३४ मध्ये ती व्हाइट हाउसमध्ये गायली, ही नोंद मात्र इतिहासात राहिली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणूनच तर शेवट बघ ना."

‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’चा शेवट मी पहिल्यांदा पाहताना टाळ्यांबरोबर संपला असं समजून उठायच्या बेतात होतो. तो टाळ्यांवर संपत नाही. खेळ सुटतो, लोक बाहेर पडतात. थिएटरबाहेरच्या लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवर ज्युलियन मार्श एकटा, दमलेला बसला आहे. जाणारे येणारे बोलताहेत: काय ती मुलगी, दिग्दर्शकानं काय केलं, त्याला उगाच श्रेय मिळतं. तो ऐकतो. काही बोलत नाही. सिनेमा संपतो.

याच सिनेमावरून १९८०मध्ये ब्रॉडवेवर नाटक आलं आणि ३,४८६ प्रयोग चाललं. त्याचे दिग्दर्शक गॉवर चॅम्पियन शुभारंभाच्याच दिवशी, २५ ऑगस्टला, वारले. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या आणि मग निर्माते डेव्हिड मेरिक यांनी रंगमंचावर येऊन ती बातमी सांगितली. नटांनाही तेव्हाच कळलं. आपल्याला १९११ सालचे बालगंधर्व आठवतात. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी लेक गेली आणि ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. खेळ थांबू नये हा नियम थोर आहे की क्रूर, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तो नियम आनंदानं पाळला जातो असं मात्र हे सिनेमे सांगत नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो.

त्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या एकांकिकेला प्रकाशयोजनेसाठी माणूस मिळेना. आईनं मला विचारलंही नाही, परस्पर नाव देऊन टाकलं. सहा आठवडे रोज संध्याकाळी तालमीला गेलो. दिवसा मुलाखती, नकार, पुन्हा मुलाखती. संध्याकाळी सात वाजता मात्र पंधरा माणसं माझी वाट बघत असायची, कारण माझ्याशिवाय दुसऱ्या प्रवेशातला चंद्र उगवणार नव्हता. आपली कोणाला तरी नेमक्या वेळी गरज आहे, ही भावना नोकरीबरोबर गेली होती. ती परत आली ती तिथे. १९३३च्या प्रेक्षकांनाही या सिनेमांत बहुधा हेच मिळालं असेल. तारका होण्याची आशा थोड्यांना, पण रांगेत आपली एक जागा असावी, असं प्रत्येकाला वाटतच असणार.

प्रयोग छान झाला. संपल्यावर मी केबल गुंडाळून हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. एक कुटुंब बोलत बोलत बाहेर पडलं. "या वेळी माइक चांगला होता हं," त्यांतल्या काकू म्हणाल्या.

माइक मी लावला नव्हता. मी एकटाच खूप वेळ हसलो.

ऑक्टोबरमध्ये मला नोकरी लागली, आधीपेक्षा लहान कंपनीत. घरी राहून काम, म्हणून इंदूर सुटलं नाही. मंडळी, हे सिनेमे बघायचे असतील तर ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’नं सुरुवात करा, ‘फूटलाइट परेड’ मध्ये ठेवा आणि ‘गोल्ड डिगर्स’ शेवटी. विनोद काही ठिकाणी चावट आहेत. ते १९३४च्या मध्यावर सेन्सॉरची नियमावली कडक होण्याआधीचे सिनेमे आहेत, तेव्हा लहान मुलांना घेऊन बसण्याआधी एकदा विचार करा. आईवडिलांना मात्र जरूर घेऊन बसा. आणि पुढच्या उत्सवात नाटक पाहून निघताना दिवे कोणी लावले, एवढं फक्त विचारा.